साठीनंतर पुन्हां सायकलवर

'कुमारसंभवा'च्या पांचव्या सर्गांत बटूच्या वेषानें आलेला शंकर तपानें कृश झालेल्या पार्वतीची विचारपूस करतो, आणि देहाची हेळसांड करून धर्म साधत नाहीं हें तिला गोड शब्दांत सुचवितो. तो प्रसिद्ध चरण बहुतेक वाचकांच्या पाठांत असेल, म्हणून येथें उतरून देत नाहीं. मीं तो चरण छत्तीस वर्षें शाळेंतील मुलांना शिकविला. फळ्यावर लिहिला, त्याचा अन्वय लावून दाखविला, त्यावर निबंध लिहावयास सांगितले आणि ज्यांनीं शुद्धलेखनाच्या चुका केल्या त्यांचे गुणहि कापले. परंतु त्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो वयाचीं एकसष्ट वर्षें पुरीं झाल्यावर, एका पोथीशाळेच्या जिन्यांत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून धापा टाकीत उभा असतां.

शिक्षणानें मी फारसा मोठा नाहीं. शालान्त परीक्षा उतरल्यावर कॉलेजाचें तोंड न पाहतां पाठशाळेंत गेलों. तेथें काव्य, व्याकरण आणि थोडीशी मीमांसा पदरांत पडली व तेवढ्या शिदोरीवर १९८३ सालीं एका शाळेंत संस्कृतचा शिक्षक झालों. २०१९ सालीं, अठ्ठावन्न वर्षें भरतांच, नियमाप्रमाणें सेवानिवृत्त झालों. पुढच्याच वर्षीं मार्चमध्यें करोनाच्या साथीमुळें सारा देश दारें लावून घरांत बसला. आमचें घर पुण्यास सदाशिव पेठेंत, एकत्र कुटुंबाचें. वडील बंधु दादा व वहिनी, मी व आमची सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें असा आठ माणसांचा संसार. आठ माणसें दिवसभर घरांत असलीं म्हणजे चूल थंड कशी व्हावी? वहिनींच्या हातच्या साटोऱ्या, सूनबाईनें नव्यानें शिकलेले पदार्थ, दुपारचा दुसरा चहा आणि रात्रीच्या गप्पांबरोबर चिवडा. मी आरामखुर्चींत बसून नातवाकडून शब्दरूपें घोकून घेत असें. तेवढाच काय तो व्यायाम, आणि तोहि जिभेचा.

२०२२ च्या पावसाळ्यांत एरंडवण्यांतील एका संस्थेनें जुन्या पोथ्यांची सूची करण्याच्या कामीं मला बोलाविलें. मानधन अल्प, पण काम मनाजोगें. पोथीशाळा दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाहीं. पहिल्याच दिवशीं खालच्या दालनांतून लाल फडक्यांत बांधलेलें पोथ्यांचें एक गांठोडें घेऊन वर निघालों. वजन चार-पांच किलोंचें असेल. वळणावर पोहोंचलों आणि पुढची पायरी दिसेना. मागून येणारा तरुण मदतनीस म्हणाला, "सर, द्या इकडे." त्याच्या स्वरांत दया होती. तरुण मुलांकडून आदर घेण्याची मला संवय आहे. दया घेण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों. ते माझेच जुने विद्यार्थी. वजन ८४ किलो भरलें. रक्तांतील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. तिचा आंकडा साडेसहा किंवा त्याहून अधिक आला म्हणजे मधुमेह धरतात. माझा ७.८ आला. डॉक्टर म्हणाले, "सर, गोळी मी लिहून देतों, पण तिनें अर्धेंच काम होईल. उरलेलें तुमच्या पायांनीं करायचें आहे." मग त्यांनीं मला असें समजावून सांगितलें कीं, मांडीचे व पोटरीचे स्नायू काम करूं लागले म्हणजे रक्तांतील साखर ते आपण होऊन ओढून घेतात, इन्सुलिनचें बळ कमी पडत असलें तरी त्यांचें हें काम अडत नाहीं. व्यायाम संपल्यावरहि हा परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. "म्हणून सर, एका दिवशीं दोन तास घाम गाळायचा आणि पुढें चार दिवस विश्रांति, असें चालायचें नाहीं. लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा नको." 'खाडा' हा शब्द त्यांनीं बहुधा माझ्याच वर्गांत ऐकलेला असावा.

उत्साहाच्या भरांत मीं संकल्पावर संकल्प सोडले. पहांटे पर्वती चढावयाची असें ठरविलें. पायऱ्या १०३. अकरा दिवस गेलों. बाराव्या दिवशीं घरीं पाहुणे आले आणि ती पहांट गेली, ती पुन्हां आली नाहीं. नंतर सूर्यनमस्कार. रोज बारा घालण्याचें ठरलें. गुडघा दुखूं लागल्यावर सहा झाले, मग 'बरें वाटल्यास' झाले, आणि बरें वाटेनासें झालें. पुढें शेजारच्या योगवर्गाचे महिन्याचे पैसे आगाऊ भरले. त्या पैशांचें पुण्य वर्गचालकांना लाभलें.

असें कां व्हावें याचा विचार करतांना पाठशाळेंतली मीमांसा आठवली. शास्त्रकारांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. स्वर्ग हवा, पुत्र हवा, पाऊस हवा म्हणून जें करावयाचें तें काम्य. संध्यावंदनासारखें जें रोज करावयाचेंच तें नित्य. या दोहोंत मीमांसकांनीं एक बारीक फरक सांगितला आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह यथासांग झालें तरच फळ देतें; एखादें अंग राहिलें कीं सारें वाया. नित्य कर्माला ती अट नाहीं. तें यथाशक्ति केलें तरी चालतें, मात्र टाळतां येत नाहीं. माझी पर्वती, माझे नमस्कार, माझा योगवर्ग हीं सर्व काम्य कर्में होतीं. वजन उतरावें, साखर उतरावी ही कामना. म्हणून एक दिवस चुकला कीं व्रत मोडल्यासारखें वाटे, आणि मोडलेलें व्रत पुन्हां धरण्यास मन तयार होत नसे. फळ लवकर दिसेना तेव्हां श्रद्धाहि डळमळे. व्यायाम टिकावयाचा तर तो नित्यकर्मांतच कोठें तरी गुंफला पाहिजे, एवढें मला कळलें. आणि माझें नित्यकर्म आतां कोणतें? घरून पोथीशाळेंत जाणें आणि परत येणें. त्यासाठीं मी रोज रिक्षावाल्याला पैसे देत होतों!

या विचाराला बळ देणारे दोन दाखले आठवले. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि शहराबाहेर हिंगण्याला उभारलेल्या आपल्या आश्रमाची वाट पायीं तुडवीत. प्रकृतीसाठीं म्हणून ते चालत नव्हते. तिकडे काम खोळंबलेलें असे म्हणून चालत होते. १८५८ सालीं जन्मलेले अण्णा १९६२ सालीं, एकशें चार वर्षांचे होऊन गेले. चालण्यामुळेंच ते इतके जगले असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. पण त्या चालण्यांत कधीं खंड पडला नाहीं याचें कारण मला उमगलें. दुसरा दाखला लंडनचा. जेरेमी मॉरिस या वैद्यकसंशोधकानें तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून तो १९५३ सालीं प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटें देत दिवसभर गाडीचा जिना चढे-उतरे. गाडी तीच, रस्ते तेच, हवा तीच. पण हृदयविकाराचें प्रमाण कंडक्टरांत चालकांपेक्षां बरेंच कमी आढळलें. त्या कंडक्टरांनीं कोणताहि संकल्प सोडला नव्हता. ते आपलीं तिकिटें देत होते.

पोथीशाळा आमच्या घरापासून साडेतीन किलोमीटर. जाऊन येऊन सात किलोमीटर चालणें माझ्या गुडघ्याला झेपण्यासारखें नव्हतें. सायकलवर देहाचा भार बैठकीवर राहतो, गुडघ्यावर आदळत नाहीं, हें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. आमच्या जिन्याखालीं एक काळी सायकल उभी होती. शिक्षक झाल्यावर पहिल्या कांहीं पगारांतून घेतलेली. दहा-बारा वर्षें तिच्यावर कोणी बसलें नव्हतें. ओल्या छत्र्या अडकविण्याकडे तिचा उपयोग होई. ती ढकलीत पेठेंतील एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं नळीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "सर, लोखंड खणखणीत आहे. टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेकचीं रबरें बदलूं, छर्रे नवे टाकूं. बाकी हिला कांहीं झालेलें नाहीं." मीं म्हटलें, "मालकाचेहि छर्रे बदलतां आले तर पाहा." मालकाचे बदलले नाहींत, सायकलीचे बदलले, आणि दोन हजार चारशें रुपये झाले.

मिस्त्री काम करीत असतां धाकट्या नातवाला मीं सायकलीची कुळकथा सांगितली. १८१७ सालीं जर्मनींतील कार्ल ड्राइस यानें दोन चाकांचें लांकडी वाहन केलें. त्याला पायडल नव्हतें. जमिनीवर पाय मारीत पुढें जावें लागे. पायडल आलें तें पुढें फ्रान्समध्यें, १८६० नंतर. मग पुढचें चाक अवाढव्य आणि मागचें इवलेसें अशी उंट-शेळीची जोडी कांहीं काळ रस्त्यांवर हिंडली. १८८५ च्या सुमारास इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी जोडलेली सायकल केली. आज आपण जिला सायकल म्हणतों ती हीच. १८८८ सालीं बेलफास्टमधील डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेली रबरी धांव बनविली. त्याच १८८८ सालीं इकडे बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान काढलें. त्यांतले लक्ष्मणराव आरंभीं शिक्षकच होते. मुंबईच्या तंत्रशाळेंत यांत्रिक रेखन शिकवीत. त्या दुकानांतून पुढें नांगरांचा आणि पंपांचा केवढा कारखाना उभा राहिला! नातवानें विचारलें, "आजोबा, मग शिक्षक असून तुम्ही कारखाना कां नाहीं काढलात?" मीं त्याला मिस्त्रींकडे लक्ष देण्यास सांगितलें.

२०२२ ची दिवाळी उलटल्यावर एका सोमवारीं सकाळीं साडेदहाला मी सायकलवर बसलों. तोल विसरला जात नाहीं असें म्हणतात तें खरें आहे; दम मात्र विसरला जातो. शास्त्री रस्ता कसाबसा पार पडला. म्हात्रे पुलावर येईपर्यंत मांड्या भरून आल्या. पुलाच्या मध्यावर उतरलों आणि मुठेकडे पाहत उभा राहिलों. येणाऱ्या-जाणाऱ्यांस वाटावें कीं म्हातारा नदीची शोभा पाहतो आहे. कामावर पोहोंचण्यास मला त्या दिवशीं पाऊण तास लागला, त्यांतला बराचसा वेळ सायकल हातीं धरून चालण्यांत गेला. पूर्वीं या अपयशानें मीं व्रत सोडलें असतें. पण येथें सोडण्यासारखें कांहीं नव्हतेंच; संध्याकाळीं घरीं तर जावयाचें होतें, आणि सायकल तेथेंच ठेवून जाणें शक्य नव्हतें.

वेग किती असावा याचा निर्णय आपल्या वैद्यकांतच सांपडला. वाग्भटानें 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्येच्या अध्यायांत व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे, आणि वायु तोंडाशीं येऊं लागला कीं अर्धी शक्ति खर्ची पडली ही खूण सुश्रुतानें दिली आहे. आजचे डॉक्टर तेंच निराळ्या रीतीनें सांगतात: बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतपत दम लागावा. मी पायडल मारतांना पुटपुटत विष्णुसहस्रनाम म्हणूं लागलों. नांवें मध्येंच तुटूं लागलीं कीं पायडल सैल सोडावें, आणि दोन नांवांत श्वास घ्यावा लागला कीं सरळ उतरावें. महिन्याभरांत उतरणें थांबलें. एका खेपेस बावीस मिनिटें लागूं लागलीं. दिवसाचीं चव्वेचाळीस, आठवड्याच्या पांच दिवसांचीं दोनशें वीस. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. त्या हिशेबांत मी न कळत जाऊन बसलों होतों.

घरांतली आघाडी मात्र पुलाच्या चढापेक्षां कठीण निघाली. सौभाग्यवती पहिल्याच दिवशीं म्हणाली, "अहो, हें काय नवें काढलेंत? रस्त्यावर माणसाला उभें राहायला जागा नाहीं." तिचें म्हणणें खोटें नव्हतें. आमच्या तरुणपणीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. सकाळीं शाळा-कचेऱ्यांच्या वेळीं घंट्यांचा नाद ऐकूं येई आणि दिवा नसलेल्या किंवा डबलसीट स्वाराला पोलीस अडवी. आतां त्या जागीं स्वयंचलित दुचाक्यांचा लोंढा आहे, आणि सायकलींसाठीं कोठें कोठें आंखलेले मार्ग मध्येंच संपतात. चिरंजीवांची हरकत निराळी होती. तो हिंजवडीला नोकरीस. त्याची मोटार आहे. एका रात्रीं तो हळूच म्हणाला, "बाबा, रिक्षाचे पैसे मी देतों. तुम्हांला सायकलवर पाहून लोक मला विचारतात." काय विचारतात तें त्यानें सांगितलें नाहीं, आणि सांगण्याची गरजहि नव्हती. मुलाच्या दाराशीं मोटार आणि बाप सायकलवर, याचा अर्थ आपल्या समाजांत एकच होतो.

दादांनीं शास्त्राधार काढला. दादा न्यायालयांत शिरस्तेदार होते. पुराव्यावांचून बोलत नाहींत. ते म्हणाले, "अरे, तुझ्या वाग्भटानें अर्धशक्तीचा नियम सांगितला त्याच ठिकाणीं बालांनीं आणि वृद्धांनीं व्यायाम वर्ज्य करावा असेंहि लिहिलें आहे. तें कां सांगत नाहींस?" मी म्हणालों, "दादा, मी वृद्ध आहें कीं नाहीं हा आधीं निर्णय व्हावा." चरकानें साठीपर्यंत मध्यम वय धरलें आहे, त्यापुढें जीर्ण. सुश्रुत मात्र मध्यम वय सत्तरीपर्यंत नेतो. चरकाच्या मतें मी वृद्ध, सुश्रुताच्या मतें नाहीं. मतभेद असला म्हणजे आपल्या सोयीचें मत घ्यावें हा पंडितांचा जुना शिरस्ता. त्याप्रमाणें मीं सुश्रुताचा पक्ष घेतला. दादा हंसले नाहींत. "तूं वादांत जिंकशील," एवढेंच म्हणाले आणि उठून गेले.

मार्च २०२३ मध्यें वजन ७९ वर आलें आणि साखरेचा आंकडा ६.९ झाला. गोळी चालू होती, पण डॉक्टर संतुष्ट दिसले. येथपर्यंत सारें ठीक होतें. माझी चूक पुढें झाली, आणि ती मीं येथें मोकळेपणानें सांगितली पाहिजे.

थोरल्या नातवानें माझ्या भ्रमणध्वनींत एक सोय करून दिली. निघतांना कळ दाबावी, पोहोंचतांच किती मिनिटें लागलीं तें दिसावें. बावीस मिनिटें. दुसऱ्या आठवड्यांत एकवीस. नातू संध्याकाळीं आंकडा विचारी आणि टाळ्या पिटी. वीस झालीं, एकोणीस झालीं. विष्णुसहस्रनाम बंद पडलें, कारण त्यानें वेळ जाई. चौकांत उतरून चालण्याचा माझा नियम होता, तोहि सुटला. ज्याला मीं नित्यकर्म म्हणून मिरविलें होतें तें पुन्हां काम्य झालें, आणि कामना तरी कोणती? अठराचीं सतरा मिनिटें व्हावीं ही! २०२३ सालीं अधिक श्रावण आला होता. ऑगस्टांतील एका सकाळीं भुरभुर पाऊस होता. अशा दिवशीं मी रिक्षानें जात असें. त्या दिवशीं गेलों नाहीं, कारण आदल्या दिवशीं साडेसतरा मिनिटें लागलीं होतीं. वळणावर रस्त्यांतलें ओलें लोखंडी झांकण मला दिसलें. दिसूनहि ब्रेक दाबला नाहीं. चाक सरकलें आणि मी डाव्या हातावर पडलों. मागचा दुचाकीस्वार वेळींच थांबला म्हणून हा लेख लिहिण्यास मी उरलों आहें.

मनगटाचें हाड चिरलें होतें. सहा आठवडे प्लास्टर. संध्याकाळीं चिरंजीव माझ्यासमोर येऊन बसला. तो ओरडला असता तर मला सोपें गेलें असतें. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या फोनवरून कोणी परक्या माणसानें मला फोन केला. पहिलें वाक्य, 'हे तुमचे वडील का?' त्याचें दुसरें वाक्य येईपर्यंत मला काय काय दिसलें, तें तुम्हांला नाहीं कळायचें." मी कांहींच बोललों नाहीं. छत्तीस वर्षें मुलांकडून उत्तरें घेण्याचा धंदा केला. त्या रात्रीं मजजवळ उत्तर नव्हतें. लोक काय म्हणतात याची त्याला लाज वाटते, असें मीं इतके दिवस धरून चाललों होतों. त्या लाजेच्या आड भीति उभी होती, ती मला दिसली नाहीं.

सायकल पुन्हां जिन्याखालीं गेली. सूनबाईनें तिच्यावर छत्र्या अडकविल्या नाहींत, एवढी तिची दया. प्लास्टर निघालें तरी तीन महिने मी रिक्षानें ये-जा केली. नोव्हेंबरांत तपासणी केली, आंकडा ७.४. डॉक्टर गोळी वाढवूं म्हणाले. त्या रात्रीं जेवणानंतर मीं सर्वांसमक्ष मिनिटांची सगळी हकीकत सांगितली आणि निर्णय दादांवर सोंपविला. दादा विरुद्धच निकाल देतील याची मला खात्री होती.

दादा बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "मीं याला वाग्भट सांगितला, पण खरी गोष्ट सांगितली नाहीं. २०१६ सालीं माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हां रोज अर्धा तास चाला असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. मी तीन आठवडे चाललों. आज मला खालच्या वाण्यापर्यंत जातां येत नाहीं. हा माझ्यासमोर रोज सायकल काढी तें मला पाहवत नसे, म्हणून मीं वचन शोधून काढलें. याला बंद कर म्हणण्याचा अधिकार माझा नाहीं." नंतर त्यांनीं कागद मागवून शिरस्तेदारी अक्षरांत अटी लिहिल्या. शिरस्त्राण घातल्यावांचून निघूं नये. पावसांत आणि अंधारांत सायकल काढूं नये. मोठ्या चौकांत उतरून पायीं ओलांडावें. मिनिटें मोजूं नयेत. पोहोंचतांच मुलाला कळवावें. खालीं माझी सही, चिरंजीवांची सही आणि साक्षीदार म्हणून दोन्ही नातवांची. चिरंजीवानें सही केली, पण आनंदानें केली असें मी म्हणणार नाहीं. अजूनहि मी निघतों त्या वेळीं तो घरीं असला तर पेपरांतून मान वर करीत नाहीं. मी पोहोंचल्याचा संदेश पाठवितों, तो मात्र पाठविल्याबरोबर वाचला गेलेला दिसतो.

शिरस्त्राण हा शब्द मीं मुलांना महाभारतांतील वीरांच्या वर्णनांत शिकविला होता. तें माझ्याच डोक्यावर चढेल असें वाटलें नव्हतें. पहिल्या दिवशीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, अगदीं कुंभकर्ण दिसतां." पण आतां सर्वांना संवय झाली आहे.

आज मी चौसष्ट वर्षांचा आहें. वजन ७७, साखरेचा आंकडा ६.६. गोळी सुटलेली नाहीं, आणि सुटेल असें डॉक्टरांनीं वचनहि दिलेलें नाहीं. पावसाळ्यांत आठवडेच्या आठवडे सायकल उभी राहते. तेव्हां मी पुलापर्यंत चालत जातों आणि तेथें रिक्षा करतों. कधीं अंगांत कणकण असते, तेव्हां निम्मी वाट सायकल हातीं धरून जातों. याला मी आतां अपयश म्हणत नाहीं. नित्य कर्माला यथाशक्तीची सवलत शास्त्रानेंच दिली आहे. पोथीचें गांठोडें मात्र मीच वर नेतों. वळणावर थांबत नाहीं. तो मदतनीस आतां मागून म्हणतो, "सर, जरा हळू."

माझ्या वयाच्या वाचकांना एवढेंच सांगावयाचें आहे. सर्वांनीं सायकलच घ्यावी असा माझा आग्रह नाहीं. आणि जो घेईल त्यानें आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें, तोल व दृष्टि यांची परीक्षा करून घ्यावी. पण व्यायामाचा वेगळा संकल्प सोडण्यापूर्वीं आपल्या दिवसाकडे पाहावें. दूध आणणें, नातवाला शाळेंत पोहोंचविणें, ग्रंथालयांत पुस्तक बदलणें, देवळांत जाणें, यांपैकीं एखादें काम रोजचें असतेंच, आणि तें आपण चाकांवर किंवा दुसऱ्याच्या पायांवर सोंपविलेलें असतें. तें परत मागून घ्यावें. फळाचा आंकडा रोज पाहूं नये. तो डॉक्टरांनीं तीन महिन्यांनीं पाहावा. आणि घरच्यांनीं अडविलें तर ते काय म्हणतात याच्याइतकेंच ते कशाला भितात हेंहि ऐकावें. मीं तें उशिरां ऐकलें.

१९७१ सालीं, मी दहा वर्षांचा असतां, दादांनीं मला सायकल शिकविली. पंचवीस पैसे देऊन तासभर भाड्यानें आणलेली, माझ्यापेक्षां उंच. मधल्या नळीखालून पाय घालून मी पायडल मारीत असें आणि दादा कॅरिअर धरून मागून धांवत. केव्हां त्यांनीं हात सोडला तें मला कळलें नाहीं. आज ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. सकाळीं सव्वादहाला त्यांची खुर्ची दारापाशीं मांडावी लागते. मी सायकल बाहेर काढली कीं ते वांकून दोन्ही टायर अंगठ्यानें दाबून पाहतात.

"मागच्यांत हवा कमी आहे," असें ते काल म्हणाले. मी पंप आणावयास वळलों, तों ते खुर्चीचा हात धरून उठले होते. "मी येतों कोपऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "मिस्त्रीकडेच भरून घेऊं."